बेचाळिसावा मोबाइल

१

रोज सकाळी नऊला केबिनमध्ये आले की मी आधी पंखा लावते, मग संगणक, आणि चहा यायच्या आत वायफायची यादी उघडते. आमच्या हिऱ्यांच्या कारखान्यात चारशे माणसं. त्यातल्या तीनशे एकोणसाठ जणांचे मोबाइल गेटवर दलसुखकाकांच्या फळीवर, नंबर घातलेल्या कापडी पिशव्यांत पडलेले असतात. आत मोबाइल न्यायची परवानगी फक्त एकेचाळीस जणांना. ते एकेचाळीस मी स्वतः तपासून नोंदवलेले. यादीत एक जरी जास्त दिसला तर माझं काम चुकलं, आणि माझं काम चुकत नाही.

हा गर्व वाटला तर वाटू दे. अकरा वर्षं कतारगामच्या या इमारतीत मी हेच करते आहे आणि अकरा वर्षं लोक माझं डोकं खात आले आहेत. कुणी बायकोच्या नावाचा पासवर्ड ठेवतो. कुणी मोबाइलला कुलूपच लावत नाही आणि वर मला विचारतो, "निमुबेन, माझ्या मोबाइलात चोरण्यासारखं आहे तरी काय?" अरे शहाण्या, तुझ्यात नसेल, पण तू ज्या वायफायवर बसतोस त्यावर शेठच्या सगळ्या मालाची यादी आहे. हे शंभरदा सांगून झालंय. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या मंगळवारी सकाळी नऊला यादीत एकेचाळीस होते. मी खूण केली आणि विषय संपला. पण अकरा वाजून दहा मिनिटांनी हिरे घासायची चाकं चहासाठी थांबली, सगळ्या इमारतीची घरघर एकदम बंद पडली, आणि त्या शांततेत माझी नजर सहज पडद्यावर गेली. यादीत बेचाळीस होते.

बेचाळिसावं नाव होतं जेराम सुतरिया, सॉर्टिंग विभाग. राउटर नंबर पाच, म्हणजे दुसरा मजला.

जेराम सुतरियाला शेठनी एकोणीस दिवसांपूर्वी कामावरून काढलं होतं.

२

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे याने मोबाइल कुणाच्या तरी हातून आत पाठवला. माझ्या नाकावर टिच्चून.

मी दोन-दोन पायऱ्या चढत दुसऱ्या मजल्यावर गेले. सॉर्टिंगच्या खोलीत लांब पांढरी टेबलं, दिवे, चिमटे, उघड्या पुड्या. चहाची किटली टेबलापर्यंत येते, त्यामुळे सगळे जागेवरच बसून फुर्र करत होते. जेरामचं टेबल खिडकीच्या कडेला रिकामं. मी सगळ्यांना उभं केलं. खिसे, डबे, ड्रॉवर, चपला, काही सोडलं नाही. दोन मोबाइल निघाले, दोन्ही नोंदलेले, दोन्ही त्यांच्या मालकांचे.

"बेन, आता दात पण मोजणार का?" कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले.

"मोजीन. तुझे आधी," मी म्हटलं. हशा थांबला.

खाली गेटवर दलसुखकाका गांठिया खात बसले होते. सत्तरीचे, अर्धे बहिरे, पण कुणाची पिशवी कुठल्या नंबरची हे झोपेतही सांगतील. मी विचारलं, जेरामचा मोबाइल आज कोण घेऊन आलं.

"जेरामचा? तो तर मेलेला आहे, बेन. त्या दिवसापासून त्यानं बॅटरी काढून ठेवली आहे. चालू करेल कसा? चालू केला की तुमचा यम बसलाय ना वाट बघत."

काकांना सगळं माहीत होतं. गेटवर बसणाऱ्याला सगळं माहीत असतं. मी परत फिरले.

केबिनमध्ये येऊन जेरामच्या नावावर बोट ठेवलं. नावापुढे माझा हुकूम तसाच होता: सगळं पुसा. आणि त्याच्यापुढे: हुकूम पोचायचा आहे. आता हे कसं शक्य आहे? मोबाइल वायफायवर आला की त्या क्षणी हुकूम पोचतो, मोबाइल कोरा होतो, कोरा झाला की यादीतून जातो. मीच बसवलेली व्यवस्था आहे ही. पण तो मोबाइल साडेअकरापर्यंत यादीत बसून होता आणि हुकूम दारातच उभा होता. साडेअकराला चाकं सुरू झाली आणि तो गेला.

मी जुन्या नोंदी काढल्या. एकोणीस दिवस, रोज, अकरा-दहाला. रविवारी कारखाना बंद असतो. रविवारीसुद्धा.

३

जेराम हे प्रकरण काय होतं ते सांगते, आणि खरं सांगते, कारण इथे खोटं बोलून मला काही मिळायचं नाही.

मी दर सोमवारी वायफायचा पासवर्ड बदलायचे. सोळा अक्षरं, त्यात आकडे, चिन्हं. जेरामच्या ते लक्षात राहायचं नाही. माणूस साधा, अमरेलीकडचा, नजर अशी की हिऱ्यातला केसाएवढा डाग उघड्या डोळ्यांनी पकडायचा, पण सोळा अक्षरं म्हटली की घाम फुटायचा. मग त्याने काय करावं? हिऱ्याच्या पुडीचा कागद घेतला, आतल्या बाजूला पासवर्ड लिहिला आणि नेहमीसारखी घडी घालून खिशात ठेवला. हे फक्त आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. त्याच्या मते पुडी म्हणजे जगातली सगळ्यात सुरक्षित जागा. आणि एक दिवस ती पुडी खालच्या चहाच्या टपरीवर सापडली. आठवडाभर कोण कोण आमच्या वायफायवर बसून काय काय बघून गेलं, देव जाणे. शेठच्या मालाची यादी बाजारात फिरली.

रवजीशेठ माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला पहिल्या मजल्यावर, सगळ्या कारागिरांसमोर उभं करून सुनावलं. "अकरा वर्षं तुला पोसली ती एवढ्यासाठी? चहावाल्याला पण येतं तुझं वायफाय." लोक ऐकत होते. ज्यांना मी रोज दटावते ते ऐकत होते. माझे कान तापले.

मग शेठनी जेरामला काढलं आणि मला म्हणाले, "त्याच्या मोबाइलातलं आपलं काय असेल ते पुसून टाक."

आपलं काय असेल ते. एवढंच म्हणाले होते.

पडद्यावर दोन बटणं येतात. एक, फक्त ऑफिसचं पुसा. दुसरं, सगळं पुसा. मी दुसरं दाबलं. चुकून नाही. त्या क्षणी मला वाटलं, घे. माझी अब्रू तू पुडीत बांधून टपरीवर ठेवलीस ना, मग घे.

जेरामचं नशीब की त्याच्या मोबाइलची बॅटरी तेव्हा संपलेली होती. गेटमधून जाताना दलसुखकाकांनी त्याला सांगितलं, चालू करू नकोस. दुसऱ्या दिवशी तो गेटवर आला. त्याला आत सोडलं नाही म्हणून मी बाहेर गेले. त्याने हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. जुना, मागचं झाकण निघणारा तो मोबाइल छातीशी धरून म्हणाला, "बेन, ऑफिसचं सगळं घ्या. पण यात हेतवीचा आवाज आहे."

हेतवी त्याची मुलगी. सात वर्षांची होती. हृदयाला भोक होतं. आठ महिन्यांपूर्वी गेली. आजारपणात घरीच असायची, आणि रोज अकरा-दहाला, बापाच्या चहाच्या वेळेला, शेजारणीच्या मोबाइलवरून त्याला आवाज पाठवायची. पप्पा चहा प्यायलात का, एवढंच. तो जिन्यात जाऊन ऐकायचा. शहाण्णव वेळा पाठवलं होतं. शेजारीण मोबाइल बदलून गावाला निघून गेली होती. आणि बाहेर कुठे साठवून ठेवायचं तर ऑफिसला जोडलेल्या मोबाइलमधून काहीही बाहेर साठवता येणार नाही हा नियम माझाच होता. तीन दिवस मोबाइल ऑफिसशी बोलला नाही तर तो आपणहून कुलूप घालून घेतो, आणि कुलूप उघडायला नेट लागतं, हा पण माझाच. नेट लागलं की हुकूम पोचला. सगळ्या बाजूंनी भिंत. इतकं चोख काम मी केलं होतं.

हुकूम मागे घेता येतो. पण त्याला मोबाइलला लावायच्या, पेनड्राइव्हसारख्या दोन किल्ल्या लागतात, एक माझी, एक शेठची. म्हणजे शेठसमोर उभं राहून सांगायचं की मी तुम्ही न सांगितलेलं केलं, रागाच्या भरात केलं.

मी जेरामला म्हटलं, "शेठचा हुकूम आहे, जेरामभाई. माझ्या हातात काही नाही."

४

बुधवारी मी तो मोबाइल बंदच करून टाकला. म्हणजे त्याला जन्मतः दिलेला जो बारा अक्षरांचा क्रमांक असतो, तो क्रमांक पुन्हा दारात दिसला तर हाकलायचा अशी व्यवस्था केली. पासवर्ड बदलला. मनात म्हटलं, कुणीतरी हुशारी करतोय. दुसऱ्या मोबाइलवर जेरामचा क्रमांक चढवता येतो, हे काही अवघड नाही. माझी परीक्षा बघतोय कोणीतरी. बघ म्हणावं.

अकरा-दहाला चाकं थांबली आणि यादीत बेचाळीस झाले.

त्या दिवशी मी वर धावले नाही. बसून बघत राहिले. राउटर पाच, सॉर्टिंग. चार मिनिटांनी राउटर चार, वरची मधली वाट. आणखी चार मिनिटांनी राउटर तीन, जिना. मग पुन्हा गेला. माझ्या पायांनी सॉर्टिंगपासून जिन्यापर्यंत अर्धं मिनिट लागतं. काका सत्तर वर्षांचे, त्यांना एक मिनिट. चार-चार मिनिटं कुणाला लागतात? मी जुन्या नोंदी पुन्हा काढल्या, या वेळी नीट. पहिले काही दिवस तो फक्त पाचवर होता. मग चारपर्यंत येऊन थांबायचा. मग तीन. रोज थोडं थोडं पुढे. माझी केबिन तळमजल्यावर आहे, राउटर एक.

मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. मला राग आला. आपल्या घरात कोणी विचारल्याशिवाय फिरत असेल तर येतो तसा राग.

गुरुवारी अकरा वाजल्यापासून मी जिन्यात उभी राहिले. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये एक चौकोनी जागा आहे, तिथे छताला राउटर तीन. हातात माझा मोबाइल, त्यावर यादी. अकरा-दहा. घरघर थांबली. वर कपबशा वाजल्या, मग त्याही थांबल्या. पाच. मी वाट बघितली. चार. मान वर करून जिन्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे ट्यूबलाइट, हिरवी भिंत, कठडा, बाकी काही नाही.

यादीत तीन आलं.

जिना रिकामा होता. पण कठडा लोखंडी आहे, आणि त्यावर कुणी हात ठेवून उतरलं की तो खाली बारीक थरथरतो, हे मला अकरा वर्षांत माहीत झालंय. माझा हात कठड्यावर होता. तो थरथरला. थांबला. मग श्वास ऐकू आला, छोटा, दमलेला, तोंडाने घेतलेला. मग पुन्हा थरथर, एक पायरी. पुन्हा थांबला.

"कोण आहे तिथे?" मी ओरडले. "माझ्याशी खेळ नको."

माझाच आवाज जिनाभर फिरून परत आला. मोबाइलवर सिग्नलचा आकडा वाढत होता, वाढत होता, आणि मी खाली उतरले. धावले नाही. पण मागेही बघितलं नाही.

५

शुक्रवारी मी ठरवलं की अकरा-दहाला जेरामच्याच घरी असायचं. सोक्षमोक्ष लागला पाहिजे. वराछात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्याच्या बायकोने उघडलं, मंजुभाभी. मला बघून तिने डोक्यावर पदर घेतला आणि पाणी आणलं. मी पाणी न पिताच विचारलं, "मोबाइल कुठे आहे?"

जेराम स्वयंपाकघरात गेला. तांदळाच्या डब्यातून रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढला. मागचं झाकण उघडून दाखवलं. बॅटरीची जागा रिकामी. बॅटरी डाळीच्या डब्यात.

"दोन्ही एका डब्यात ठेवत नाही," तो म्हणाला. "चुकून लागली तर."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा-दहा झाले. मोबाइल माझ्या मांडीवर होता, थंड, हलका, मेलेला. मी माझ्या मोबाइलवर यादी उघडली. बेचाळीस. जेराम सुतरिया. राउटर एक.

माझी केबिन. कुलूप घालून आले होते मी.

"काय झालं, बेन?" मंजुभाभीने विचारलं.

"काही नाही. जिना चढून दम लागला."

"आमच्या हेतवीला पण लागायचा," ती म्हणाली, जशी रोजचं काहीतरी सांगत असावी. "एक पायरी चढायची, थांबायची. कठडा धरायची आणि म्हणायची, मम्मी तू हो पुढे, मी येते. पण उचलून घेऊ द्यायची नाही. फार रागीट होती. तुमच्यासारखी."

जेराम हसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याला हसताना बघितलं. मग तो म्हणाला, "बेन, शेठना एकदा विचारून बघाल? एकदाच ऐकू द्या म्हणावं. मग पुसा. मी स्वतः आणून देतो."

सांगायला हीच वेळ होती. दोन माणसं समोर बसलेली, दोघांच्या मनात माझ्याबद्दल काही वाईट नाही. आणि मी म्हटलं, "शेठ ऐकत नाहीत हो. मी बोलले होते."

मी बोललेच नव्हते.

६

शनिवारी मी केबिनचं दार आतून लावून बसले. अकरा-दहाला चाकं थांबली. यादी बघितलीच नाही, गरज नव्हती. केबिनचं दार काचेचं आहे, आणि आत एसी थंड असतो. बाहेरच्या बाजूने, साधारण माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, काचेवर वाफेचा एक गोल उमटला. लहान. तो विरला, आणि पुन्हा उमटला. कुणीतरी काचेला तोंड लावून आत बघत असल्यासारखा.

मग तो आतल्या बाजूने उमटला.

माझ्या समोरची पाहुण्यांची खुर्ची किंचित करकरली. जड माणूस बसल्यावर करकरते तशी नाही. मी टेबलाची कड घट्ट धरून बसले होते. एकवीस-बावीस दिवसांचं सगळं एकदम वर आलं. शेठचं ते बोलणं, ते हसणारे लोक, ती पुडी, सोळा अक्षरं, आणि सगळ्यात जास्त मी, माझं ते बोट.

"काय पाहिजे तुला?" मी रिकाम्या खुर्चीला म्हटलं. आवाज चिरकत होता. "हो. शेठनी नव्हतं सांगितलं. मीच दाबलं. रागाने दाबलं. ऐकायचं होतं ना, ऐकलंस? आता जा."

खुर्ची पुन्हा करकरली. मग चाकं सुरू झाली आणि इमारत भरून घरघर आली.

मी उठले आणि तशीच शेठकडे गेले. बस म्हणायच्या आधी सगळं सांगून टाकलं. शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता नोकरी गेली.

"मी सगळं पुसा म्हटलं होतं?"

"नाही."

"त्याच्या पोरीचा आवाज आहे त्यात, हे तुला कधीपासून माहीत?"

"दुसऱ्या दिवसापासून."

शेठनी गल्ल्यातून त्यांची किल्ली काढली, माझ्या मोबाइलवर लावली आणि हुकूम मागे घेतला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. "एवढंच होतं?" ते म्हणाले. "बावीस दिवस एवढ्यासाठी? मला सांगायला काय धाड भरली होती तुला?"

याचं उत्तर कुठल्याही माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

७

दुपारी मी वराछाला गेले. आणि आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. पायऱ्या चढताना मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. दारात जेराम उभा होता, मागे मंजुभाभी. तोंडातून निघालं, "शेठना मनवलं मी. सोपं नव्हतं, पण मनवलं."

मंजुभाभी माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरलं. तिने आतून गूळ-तुपाची सुखडी आणली, ताटलीभर, आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात एक तुकडा घातला. मी तो खाल्ला.

जेरामने डाळीच्या डब्यातून बॅटरी काढली, धोतराच्या सोग्याने पुसावी तशी शर्टाच्या टोकाने पुसली, बसवली आणि मोबाइल चार्जरला लावला. मोबाइल चालू झाला. माझ्या नेटवर जोडला, कुलूप उघडलं, काही पुसलं गेलं नाही. दोघं जमिनीवर बसले, मी खुर्चीवर. त्याने आवाजांची यादी उघडली आणि भुवया जवळ आणल्या.

"शहाण्णव होते," तो म्हणाला.

"मग?"

"एकशे एकोणीस आहेत."

तेवीस जास्त. तेवीसही अकरा-दहाचे. त्याने त्यातला एक लावला. आधी नुसती शांतता, मोठ्या जागेतली. मग कुणाचा तरी श्वास. लोखंडाची बारीक थरथर. आणि मग दुरून, वरच्या पट्टीत, माझा आवाज: "कोण आहे तिथे? माझ्याशी खेळ नको."

मंजुभाभीने माझ्याकडे बघितलं. "हा तुमचा आवाज आहे ना, बेन?"

बॅटरी डाळीच्या डब्यात होती. मला ते म्हणायचं होतं. सुखडीचा गूळ अजून दातात होता. जेरामचा अंगठा खाली सरकत सरकत शेवटच्या आवाजावर आला. आजचा, शनिवारचा. मी पुढे वाकून म्हटलं, "जेरामभाई, तो नको." त्याने लावला.

एसीची घूं घूं. खुर्चीची करकर. आणि माझा आवाज, अगदी जवळून, चिरका: "हो. शेठनी नव्हतं सांगितलं. मीच दाबलं. रागाने दाबलं."

खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. मोबाइलमध्ये पुन्हा श्वास आला, दमलेला, आणि मग ती बोलली. सात वर्षांची, किंचित घोगरी.

"पप्पा, चहा प्यायलात का?"

मंजुभाभीचा हात तोंडावर गेला. जेराम मोबाइलकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग असता तर मला चाललं असतं. रागाशी माझी जुनी ओळख आहे.

"बेन," तो हळूच म्हणाला, "शेठनी की तुम्ही?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. ताटलीकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. मोबाइलमध्ये शांतता होती, लांबलचक, जशी कुणीतरी उत्तराची वाट बघताना असते. मग तीच घोगरी पोर, सकाळी माझ्या बंद केबिनमध्ये, मला ऐकू न येता बोललेली, म्हणाली:

"पप्पा, बेन तुमच्यासमोर खरं बोलली का?"

कुणीच मोबाइल बंद केला नाही. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. आवाज संपायला अजून चार मिनिटं होती.